पाणी उंबऱ्याला लागण्याआधी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पूरग्रस्त गावांच्या स्थलांतराविषयी या सदरात मागे एक लहानसे उत्तर दिले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता: संकट आले की सरकारने सांगितलेले माणसे का ऐकतात, आणि कधी कधी जीव जाण्याची वेळ आली तरी का ऐकत नाहीत. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. एरवी लाल सिग्नलला न जुमानणारा आपला समाज २०२० साली आठवडेच्या आठवडे घरात बसला, हे पाहून मी चकित झालो होतो. आणीबाणीच्या काळात नागरिक सरकारचे नियम पाळतात ते दंडुक्याच्या भीतीने, की समजून-उमजून? (एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : आधी एका शब्दाविषयी. ‘आणीबाणी’ म्हटले की आपल्या वयाच्या माणसाला जून १९७५ आठवतो आणि चर्चा भलतीकडेच वाहवत जाते. म्हणून पूर, वादळ, भूकंप आणि साथ यांच्यासाठी मी येथे ‘आपत्ती’ हाच शब्द वापरतो.

दंडुक्याचा वाटा असतोच. तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत किती गल्ल्या असतात आणि रात्रपाळीला किती शिपाई असतात, याचा हिशेब आपणच मनाशी करून पाहावा. ठरवून सगळ्यांनी नियम मोडला, तर तो पाळायला लावण्याइतके मनुष्यबळ जगातल्या कोणत्याही सरकारपाशी नसते. म्हणजे बहुसंख्य माणसे आपण होऊन नियम पाळत असतात, तेव्हाच उरलेल्या थोड्यांवर दंडुका चालतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी १९८४ साली शिकागो शहरातील १,५७५ नागरिकांच्या मुलाखती घेऊन माणसे कायदा का पाळतात याचा शोध घेतला. त्यांना असे दिसले, की पकडले जाण्याच्या धास्तीपेक्षा ‘सांगणाऱ्याला सांगण्याचा अधिकार आहे आणि तो आपल्याशी न्यायाने वागतो’ या भावनेचे वजन जास्त असते. तो अभ्यास वाहतूक, गोंगाट, किरकोळ चोरी अशा रोजच्या कायद्यांचा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपत्तीत त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. काय करावे हे कोणालाच पुरते ठाऊक नसते, आणि अशा वेळी माणूस आदेशाचा कागद वाचत बसत नाही, तो शेजारच्या दाराकडे पाहतो. शेजारी बोचके बांधू लागला की हाही बांधू लागतो.

आपण पुण्याचे आहात, म्हणून पुण्याचेच उदाहरण घेतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, आणि पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आले. त्यांच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. देवघरापासून माजघरापर्यंत सगळे धुंडाळले जाई, संशयितांना छावणीत आणि रुग्णांना इस्पितळात नेले जाई, कपडालत्ता जाळला जाई, आणि बायकांच्या तपासणीच्या प्रकाराने तर शहर पेटून उठले. उद्देश एकच होता, रुग्ण लवकर सापडावेत. घडले नेमके उलटे: लोक रुग्ण लपवू लागले. ज्या घरात ताप आला त्या घराची दारे बंद होऊ लागली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आयर्स्ट हा लष्करी अधिकारी जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलैला मरण पावले. ही कथा आपण क्रांतिकारकांच्या इतिहासात शिकवत आलो आहोत. ती सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातही शिकवायला हवी असे माझे मत आहे.

त्याच साथीत, त्याच परिसरात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांच्या उपचार केंद्रात रुग्ण आणले जात होते, आणि ते काम करता करता लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. रोग तोच आणि रुग्णाला घरातून हलवायचे हेही तेच; फरक नेणाऱ्या हातांत होता. सरकारलाही हे उमगायला फार वर्षे लागली नाहीत. पुढे सक्तीची धार कमी झाली, निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग रुग्णालये चालवू दिली गेली, आणि देशी डॉक्टर व स्वयंसेवक यांना कामात घेतले गेले.

यात एक उपकथा आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे पुण्यातल्या झडत्या चालू होत्या तेव्हा हुकूम देणाऱ्यांनाही रोगाची वाट नीट ठाऊक नव्हती. पुढच्या वर्षांत दख्खनच्या गावांनी आपला एक नियम बसवला: उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि रानात खोपट्या घालून राहायचे. हा नियम पाळायला सोजीर लागले नाहीत. त्याचे कारण घरातल्या आढ्यावरून खाली पडत होते आणि ते प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होते.

आता २०२० ची आषाढी वारी आठवा. टाळेबंदीत पायी वारी होणार नाही, पादुका वाहनाने पंढरपूरला जातील, हा निर्णय मे महिन्याच्या अखेरीस पालखी सोहळ्यांच्या प्रमुखांशी बोलून झाला. ३० जूनला फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून आळंदी आणि देहूच्या पादुका निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी एकादशी पार पडली. वर्षानुवर्षे लाखोंनी चालणाऱ्या माणसांना घरी बसवणे लाठीला जमले असते असे मला वाटत नाही. नाराजी होती, डोळ्यांत पाणीही होते. परंतु ज्यांचे म्हणणे संप्रदाय मानतो त्यांना आधी विचारले गेले होते, परंपरा खंडित झाली नव्हती, ती लहान करून चालवली गेली होती, आणि ‘कमी कोणी करायचे’ हे संप्रदायातल्या मंडळींनीच ठरवले होते. सरकारी आदेश गावच्या विणेकऱ्याच्या तोंडून आला की तो सरकारी राहत नाही.

तरीही आपल्या मूळ निरीक्षणात एक दुरुस्ती करतो. ‘समाज घरात बसला’ हे खरे, पण ज्याच्याकडे घर, किराणा आणि महिन्याचा पगार होता तो बसला. ज्यांचे काम, खोली आणि जेवण एकाच ठेकेदाराच्या हातात होते ती माणसे मुंबई-पुण्याहून चालत निघाली. ८ मे २०२० च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. कागदावर तेही टाळेबंदी मोडणारेच होते. शिस्तीची चर्चा करताना ते सोळा जण कोणत्या रकान्यात बसतात, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. आपत्तीतील आदेश मोडला तर नेमके काय होते? एवढ्या गुन्ह्यांच्या बातम्या येतात, मग पुढे त्यांचे काय होते? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : वर ज्याचा उल्लेख आला तो १८९७ चा कायदा मूळचा अवघ्या चार कलमांचा. त्यातले एक कलम आदेश मोडणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ कडे पाठवते आणि एक कलम सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देते. ज्याला घरातून उचलून नेले त्या नागरिकाला काय मिळावे, याविषयी त्या चारांत अक्षर नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून कलम १८८ चे काम आता कलम २२३ करते. आदेशभंगामुळे माणसांच्या जिवाला धोका पोहोचत असेल, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात.

दुसरा आधार आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ याचा. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात; रस्ते बंद करणे आणि एखाद्या भागात जाण्या-येण्यावर निर्बंध घालणे हे अधिकार त्यातून येतात. कलम ५१ खाली वाजवी कारणाशिवाय आदेश नाकारल्यास एक वर्षापर्यंत, आणि त्यामुळे जीवितहानी झाली किंवा तसा निकटचा धोका निर्माण झाला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘वाजवी कारणाशिवाय’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. परीक्षेला उपयोगी पडतील आणि वकिलीतही.

गुन्ह्यांचे पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर फारसे रोमांचक नाही. आदेशभंगाच्या गुन्ह्याची दखल न्यायालय संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरच घेऊ शकते, त्यामुळे कित्येक प्रकरणे त्या पायरीवरच अडखळतात. टाळेबंदीतील असे बरेचसे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय पुढे राज्य सरकारनेच घेतला. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे मला महत्त्वाचे वाटणारे कलम मात्र बारावे आहे, ज्याची बातमी क्वचितच होते. निवारा, अन्न, पिण्याचे पाणी आणि औषधोपचार यांचे किमान निकष ठरवण्याची आणि मृतांच्या कुटुंबीयांना सानुग्रह साहाय्य देण्याची जबाबदारी त्यात आहे. ती ऐच्छिक नसून बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी सांगितले, आणि त्यानंतरच कोरोनाने दगावलेल्यांच्या कुटुंबांना ५०,००० रुपये देण्याचे ठरले. आज्ञा पाळणाऱ्याला त्या बदल्यात काय मिळणार, हे कायद्यात यायला १८९७ पासून २००५ पर्यंतचा काळ जावा लागला.

प्रश्न : पहिल्या लाटेत निमूट ऐकणारे आम्ही ठाणेकर दुसऱ्या लाटेत बेफिकीर का झालो? लोक थकले होते, एवढेच कारण असावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : थकवा होता. मास्कचा कंटाळा आला होता, हातावर पोट असणाऱ्यांची गाठीची पुंजी संपली होती, आणि जानेवारी २०२१ मध्ये आकडे उतरल्यामुळे संकट टळल्याची भावना पसरली होती. परंतु केवळ थकव्याने नियम सुटत असते, तर सुईण आणि शेतकरी यांनी आपापली कामे केव्हाच सोडली असती. माणूस थकला तरी, सगळे मिळून ओझे वाहत आहेत अशी खात्री असेल तोवर, आपला खांदा काढून घेत नाही.

ती खात्री कशी तडकते याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. एप्रिल २०२० मध्ये जिल्ह्यांच्या सीमा बंद असताना, आणि अंत्यविधीला जाऊ देण्यासाठीही सामान्य माणसाला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत असताना, एक बडे उद्योजक कुटुंब गृह खात्यातील अधिकाऱ्याच्या पत्रावर खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचले. बोभाटा झाल्यावर त्या अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. ब्रिटनमध्ये तर असाच प्रकार मोजला गेला आहे. पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज टाळेबंदीत कुटुंबासह लंडनहून डरहॅमला गेल्याचे मे २०२० मध्ये उघड झाले, आणि त्या काळात दर आठवड्याला नागरिकांचे मत विचारणाऱ्या संशोधकांना इंग्लंडमध्ये सरकारवरचा विश्वास ठळकपणे घसरलेला आढळला. पुढे स्वतः पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनाही नियमभंगाबद्दल दंड झाला. तो होता ५० पौंडांचा. विश्वासाच्या बाजारात त्याची किंमत किती होती हे सांगणे कठीण आहे.

मार्च-एप्रिल २०२१ मध्ये आपण दूरचित्रवाणीवर पश्चिम बंगालच्या प्रचारसभा आणि हरिद्वारचा कुंभमेळा पाहत होतो, आणि त्याच बातमीपत्रात खाली महाराष्ट्रातील निर्बंधांची पट्टी सरकत होती. पाच माणसांत लग्न लावून घेतलेल्या बापाने ते पाहून काय समजायचे? नियम कडक असल्याने लोक तितके चिडत नाहीत, जितके तो निवडकांना सैल असल्याने चिडतात. घराघरांत हे रोज घडते. धाकट्याला सूट दिली की थोरला अभ्यासाचे पुस्तक मिटतो.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त काही वर्षे जपानमध्ये आहे. येथे २०२० मध्ये सरकारने दंडाची भाषा न करता केवळ विनंती केली आणि लोकांनी ती मानली. आपल्याकडे अशी शिस्त मुळात रक्तातच नाही, असे म्हणावे काय? (एक वाचक, योकोहामा)

उत्तर : रक्तात काही नसते. एप्रिल २०२० मध्ये जपानने आणीबाणी जाहीर केली तेव्हा घराबाहेर पडणाऱ्याला शिक्षा देण्याची तरतूद तेथील कायद्यात नव्हती, हे आपण लिहिता ते बरोबर आहे. तथापि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच जपानला कायदा दुरुस्त करून, आदेश न मानणाऱ्या व्यावसायिकांसाठी दंड आणावा लागला, हेही त्याच्या शेजारी लिहून ठेवावे. शेजाऱ्याच्या नजरेचा धाक हाही एक दंडच असतो, त्याची फक्त पावती मिळत नाही.

आता आपल्याकडची बाजू पाहू. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. एरसमा भागात गावेच्या गावे वाहून गेली. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली, किनाऱ्यावर उंच खांबांवरचे पक्के निवारे बांधले, ते एरवी शाळा म्हणून वापरात ठेवले आणि गावोगावच्या तरुणांना तालमी दिल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख माणसे आणि मे २०१९ च्या फोनी वादळात बारा लाखांच्या आसपास माणसे हलवली गेली. मृत्यूंची संख्या दोन्ही वेळा शंभराच्या आत राहिली. एवढी माणसे एका-दोन दिवसांत केवळ पोलिसांनी हाकलून नेता येत नाहीत. निवारा म्हणजे आपल्या पोराची शाळा, तिथली पायरी ओळखीची, आणि बोलवायला आलेला मुलगा शेजारच्या गल्लीतला. म्हणून ती माणसे गेली. वीस वर्षांत रक्त बदलत नाही, सवय बदलते.

जपानविषयीच आणखी थोडे, कारण तेथील एका प्रसंगाने या विषयावरचे माझे मत बदलले. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर इशिनोमाकी येथील ओकावा प्राथमिक शाळेतील मुले सुमारे पन्नास मिनिटे मैदानात थांबवून ठेवली होती. शाळेमागे टेकडी होती. काय करावे यावर मोठ्यांचे एकमत होईना आणि मुले शिस्तीत उभी होती. त्सुनामीत ७४ मुले गेली, दहा शिक्षकही गेले. पालकांनी लढलेल्या दाव्यात शाळा आणि प्रशासन यांनी आधीच पुरेशी तयारी केली नव्हती, असा निकाल लागला आणि तो २०१९ मध्ये अंतिम झाला. त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर कामाइशी शहरातील शाळकरी मुले सूचनेची वाट न पाहता उंचावर धावली आणि शाळेत असलेली जवळजवळ सगळी वाचली. त्यांना वर्षानुवर्षे शिकवले होते, की नकाशावरच्या धोकारेषेवर डोळे झाकून विसंबू नका, त्या क्षणी जे उत्तमात उत्तम करता येईल ते करा आणि सर्वांत आधी तुम्हीच पळा. कामाइशीची मुलेही नियमच पाळत होती. ‘सांगतील तसे करा’ आणि ‘हे का करायचे ते कळून करा’ या दोन शिस्ती बाहेरून सारख्याच दिसतात, एका रांगेत उभ्या असतात. त्यांतला फरक लाट आल्यावरच कळतो.

प्रश्न : आमचे गाव शिरोळ तालुक्यात नदीकाठी आहे. वडील ७८ वर्षांचे आहेत. २०१९ ला त्यांना बोटीतून ओढून काढावे लागले. आता पुन्हा पावसाळा जवळ आला की ‘मी घर सोडणार नाही’ असे म्हणतात. तलाठी, पोलीस पाटील सगळे सांगून थकले. मी नोकरीसाठी पुण्यात असतो. काय करावे? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : आपल्या वडिलांना हट्टी ठरवण्याआधी त्यांचा हिशेब समजून घेऊ. बहुधा त्यांच्या भिंतीवर किंवा मनात २००५ च्या पुराची एक खूण असेल. ‘तेव्हा पाणी या पायरीपर्यंत आले होते, त्याच्यावर येणार नाही’ हा अनुभव होता, अडाणीपणा नव्हता. २०१९ ने तो खोटा ठरवला, आणि इतक्या वर्षांचा अनुभव एका रात्रीत खोटा ठरला की माणूस सावध होतोच असे नाही, तो कधी कधी अधिकच घट्ट धरून बसतो.

मी महसूल खात्यात काही वर्षे काढली. एका पावसाळ्यात जीपवर भोंगा लावून नदीकाठच्या वस्तीत फिरत होतो. एका म्हातारीने दारातच विचारले, “जाऊ की बाबा, पर माघारी कधी आणून सोडशील?” माझ्याकडे उत्तर नव्हते. आदेशात निघण्याची वेळ होती, परतण्याची नव्हती. तिने दार लावून घेतले, आणि खरे सांगायचे तर तिच्या जागी मीही लावले असते. शेवटी गावातल्या दूध डेअरीच्या सचिवाने येऊन “म्हशी माझ्या चुलत्याच्या गोठ्यात बांधतो, दूध तुझ्याच नावावर घालतो” असे सांगितले, तेव्हा ती निघाली. भोंगा दिवसभर ओरडत होता, त्याचा उपयोग शून्य.

नदीकाठची माणसे घर का सोडत नाहीत याची कारणे सहसा चार-दोनच असतात: जनावरे, चोरीची भीती, निवारा केंद्रातील संडासाची आणि झोपण्याची अडचण, आणि पंचनाम्याच्या वेळी आपण हजर नसलो तर यादीतून नाव जाईल ही धास्ती. शेवटचे कारण अधिकारी हसण्यावारी नेतात, पण ज्याने एकदा मदतीची यादी चुकवली आहे तो ते हसण्यावारी नेत नाही. वडिलांचे यांपैकी कोणते कारण आहे ते त्यांनाच विचारा, आणि पाऊस नसताना, उन्हाळ्यात विचारा. पाणी चढत असताना चाललेला संवाद संवाद राहत नाही.

मग आकडा त्यांनाच ठरवू द्या. आपल्या जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक असते की कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पाणी किती वेळात खाली उतरते, हे वडील आपल्यापेक्षा अचूक सांगतील. ‘किती फुटांना निघायचे’ हे त्यांनी आपल्या तोंडाने सांगावे आणि घरातल्या दिनदर्शिकेवर आपल्या हाताने लिहावे. दुसऱ्याने लादलेला आकडा माणूस मोडतो. स्वतः सांगितलेला आकडा मोडताना त्याला नातवंडांसमोर लाज वाटते. फक्त तो आकडा रस्ता पाण्याखाली जाण्याच्या आधीचा असावा, एवढे पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून जी माणसे गेली, ती घर सोडायला तयार झालेलीच माणसे होती. त्यांचे निघणे अखेरच्या घटकेवर येऊन ठेपले होते, आणि त्या घटकेला एका बोटीत किती जण बसावेत हे सांगणारा कोणी उरत नाही.

वडील देवभक्त असतील तर आणखी एक गोष्ट सुचवतो. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी चढले की दक्षिणद्वार सोहळ्याच्या, म्हणजे पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडणाऱ्या पाण्यातील, स्नानासाठी गर्दी होते, आणि त्याच पुरात उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली जाते. दत्तमहाराज दर पुराला जागा बदलतात, त्यात त्यांचा कमीपणा आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही. हे वडिलांना आपण सांगू नका, गावातल्या त्यांच्या बरोबरीच्या माणसाकडून सांगवा.

बाकीची कामे आपली. जनावरे कोणाच्या गोठ्यात जातील, वैरण कोण घालील, हे मे महिन्यातच ठरवून त्या घरी एकदा जाऊन या. सात-बारा, आधार, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती आपल्याजवळ पुण्यात ठेवा. घराची आतून-बाहेरून छायाचित्रे काढून ठेवा आणि पंचनाम्यासाठी वडिलांच्या वतीने कोण उभा राहील ते तलाठ्यांना आताच सांगून ठेवा. आणि परत केव्हा यायचे तेही ठरवा: पाणी अमुक फुटांखाली उतरले, वीज आली आणि विहिरीत औषध टाकून झाले, की त्याच दिवशी मी स्वतः येऊन तुम्हाला घरी नेईन, असा शब्द द्या. त्या दिवशी रजा मिळणार नसेल, तर हा शब्द देऊ नका.